वही उघडताच पोटात गोळा का येतो: अभिजात अभिसंधान समजून घेऊन वापरायचं कसं

तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन शिक्षक वर्गात शिरले की काय होतं, ते बहुतेकांनी बाकावर बसून अनुभवलेलं असतं. अजून कुणाचं नाव घेतलेलं नसतं, गुणांचा उल्लेखही झालेला नसतो. तरी बोलणं थांबतं, तळहात ओले होतात, कुणाच्या पोटात गोळा येतो. कागदाच्या गठ्ठ्यात भिण्यासारखं काही नाही. त्याच्या पाठोपाठ काय येतं, ते मात्र शरीराला पाठ झालेलं असतं.

मी बरीच वर्षं गणित शिकवलं. एक गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि ती आधी कळायला हवी होती असं आजही वाटतं. वर्गात दर तासाला दोन धडे चालू असतात. एक अपूर्णांकांच्या भागाकाराचा, आणि दुसरा, अपूर्णांक समोर आले की कसं वाटायचं याचा. पहिला पाठ-टाचणात लिहिलेला असतो, दुसरा कुठेच लिहिलेला नसतो. पहिला परीक्षेनंतर विसरला तरी चालतो; दुसरा कित्येकांना म्हातारपणापर्यंत सोडत नाही. हा दुसरा धडा ज्या रीतीने शिकला जातो तिला मानसशास्त्रात अभिजात अभिसंधान म्हणतात. पालक, शिक्षक आणि स्वतःचा अभ्यास स्वतः करणारे, या तिघांनाही ती रीत वापरता येते. कशी, ते पुढे पायरीपायरीने मांडलं आहे.

कुत्र्याची लाळ आणि माणसाचा गुडघा

इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) हे रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांची लाळ थेंबाथेंबाने मोजता यावी म्हणून त्यांनी लाळेच्या नलिकेचं तोंड शस्त्रक्रियेने गालाबाहेर काढलं होतं. मोजताना एक अडचण वारंवार येई. अन्न तोंडात पडण्याआधीच, अन्न आणणारा माणूस दिसला की लाळ सुरू व्हायची. ज्याच्यामुळे मोजमाप बिघडत होतं, तोच पुढे त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय झाला. १९०३ साली माद्रिदच्या वैद्यकीय परिषदेत त्यांनी या विषयावर भाषण दिलं आणि उरलेलं आयुष्य त्यातच घालवलं.

अन्नाआधी घंटा वाजवत गेलं की पुढे नुसत्या घंटेनेही कुत्र्याला लाळ सुटते, ही घंटेची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. प्रत्यक्षात पाव्हलॉव्ह मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र), बझर, दिव्याचा प्रकाश, त्वचेला होणारा स्पर्श अशा कितीतरी खुणा वापरत असत. मेट्रोनोमचा फायदा असा की त्याचे ठोके मोजून कमीजास्त करता येतात. तपशील लहान आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते: कुठलीही तटस्थ गोष्ट खूण बनू शकते, तिने आवाजच करायला हवा असं नाही. वहीचं मुखपृष्ठ, खोलीतला वास, एखाद्याचं घसा खाकरणं, काहीही चालतं.

साधारण त्याच काळात अमेरिकेत एडविन ट्विटमायर माणसाच्या गुडघ्याच्या झटक्याचा अभ्यास करत होते. गुडघ्याखाली हातोडी पडण्याआधी घंटा वाजे. एकदा घंटा वाजली, हातोडी पडलीच नाही, आणि तरी पाय उडाला. आपण मुद्दाम पाय हलवला नाही, असं त्या माणसाचं म्हणणं होतं. मला कुत्र्यांपेक्षा हा गुडघा जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘घाबरायचं नाही’ असं बजावून भीती का जात नाही, याचं उत्तर त्या उडालेल्या पायात आहे.

आता शब्द. पाठ्यपुस्तकांत चार नावं येतात. अन्न हे अनभिसंधित उद्दीपक, अन्नामुळे सुटणारी लाळ ही अनभिसंधित प्रतिक्रिया, मेट्रोनोम हा अभिसंधित उद्दीपक आणि मेट्रोनोम ऐकून सुटणारी लाळ ही अभिसंधित प्रतिक्रिया. या लेखात मी पहिल्याला ‘मूळ घटना’ आणि तिसऱ्याला ‘खूण’ म्हणणार आहे, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. ‘संधान’ म्हणजे जोडणी. आपण एखाद्याशी संधान बांधतो, तसं इथे खूण मूळ घटनेशी संधान बांधते.

पहिली पायरी: चार रकाने भरा

कोरा कागद घ्या आणि चार रकाने आखा: मूळ घटना, तिच्यावरची आपोआप प्रतिक्रिया, खूण, आणि खुणेवरची प्रतिक्रिया. ज्या मुलाचा (किंवा स्वतःचा) प्रश्न आहे त्याचं एकच उदाहरण घ्या.

समजा, एक मुलगी गणिताची वही काढली की गप्प होते, तिचे खांदे आखडतात. खूण काय? घाईत आपण ‘गणित’ असं लिहून मोकळे होतो. ते फार मोठं आहे. दोन-तीन दिवस नुसतं बघा. वही काढतानाच खांदे आखडतात, की घड्याळ लावल्यावर? एकटीने सोडवताना काही होत नाही आणि कुणी मागे येऊन उभं राहिलं की होतं, असं आहे का? आकडेमोड ठीक चालते आणि शाब्दिक उदाहरण आलं की हात थांबतो का? खूण जितकी नेमकी सापडेल तितकं पुढचं काम सोपं. माझ्या अनुभवात वेळ सगळ्यात जास्त याच पायरीत जातो, आणि तो जाऊ द्यावा.

मग मूळ घटना शोधा: या खुणेनंतर एकेकाळी काय व्हायचं? ओरडा, चारचौघांत हसं, फळ्याजवळ ताटकळत उभं राहणं, आईवडिलांचे उतरलेले चेहरे. इथे एक गुंता लक्षात ठेवायला हवा. उतरलेला चेहरा जन्मतःच भीतिदायक नसतो. त्याचाही अर्थ आधी कधीतरी शिकलेला असतो. एक खूण पक्की झाली की तिच्या जोरावर दुसरी खूण उभी राहते. पाव्हलॉव्हच्या प्रयोगांतही हे दिसलं होतं; त्याला उच्चस्तरीय अभिसंधान म्हणतात. म्हणून साखळीचं पहिलं टोक सापडलंच पाहिजे असा हट्ट नको. आज जी कडी हाताला लागते तिथून सुरुवात करता येते.

स्वतःची खूणही तपासा. मी स्वतः काय करत होतो ते सांगतो. वर्गात एखाद्या मुलाचं नाव मी मुख्यतः तो चुकत असताना किंवा बोलत असताना घ्यायचो. चांगलं उत्तर आलं की ‘छान’ म्हणायचो, नाव न घेता. परिणाम असा झाला की नाव घेतलं की मुलं दचकायची. त्यांचं स्वतःचं नाव मी त्यांच्यासाठी धोक्याची खूण करून ठेवलं होतं. हे दुरुस्त करायला काही विशेष लागलं नाही. चांगल्या उत्तराबरोबर नाव घ्यायचं आणि टोकायचं असेल तर जवळ जाऊन हळू बोलायचं.

दुसरी पायरी: आपोआप काय आणि मुद्दाम काय, ते वेगळं करा

शिकण्याचा आणखी एक प्रकार आहे. थॉर्नडाइक यांनी मांजरांवर आणि पुढे स्किनर यांनी उंदीर आणि कबुतरांवर जो अभ्यासला तो. आपण काहीतरी करतो, त्याचा परिणाम चांगला झाला की ते पुन्हा करतो. याला साधक अभिसंधान म्हणतात. फरक असा की तिथे प्राण्याच्या कृतीवर परिणाम अवलंबून असतो, आणि अभिजात अभिसंधानात त्याने काही केलं काय, न केलं काय, खुणेमागून मूळ घटना येतेच.

व्यवहारात दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. वही काढल्यावर धडधड वाढते, हे आपोआप. मग मुलगी ‘पाणी पिऊन येते’ म्हणून उठते आणि धडधड थांबते. थांबल्यामुळे उठणं पक्कं होतं. होबार्ट मौरर यांनी १९४७ साली ही दोन टप्प्यांची मांडणी केली: भीती शिकली जाते जोडीने आणि टिकते टाळण्याने. टाळलं की ‘आता ते वाईट होणार नाही’ हे कळण्याची संधीच मिळत नाही.

आपली नेहमीची चूक इथे होते. पाणी प्यायला उठलेल्या मुलीला आपण ‘कामचुकार’ म्हणतो आणि ओरडतो. म्हणजे वहीमागून ओरडा येतो हे पुन्हा एकदा खरं करून दाखवतो. टाळणं दिसलं की त्यावर शिक्षा नको. ती पुढच्या पायऱ्यांसाठी मिळालेली माहिती आहे. कागदावर लिहून ठेवा.

तिसरी पायरी: नवी जोडी बांधताना क्रम सांभाळा

खूण आधी, घटना नंतर. उलट क्रमाने जोडी फार कच्ची बनते, कारण घटना होऊन गेल्यावर येणारी खूण काही सांगतच नाही. मधलं अंतर किती असावं, ते प्रतिक्रियेवर ठरतं. डोळ्यावर हवेचा झोत आणि त्याआधी आवाज, अशा प्रयोगांत पाव ते अर्धा सेकंद उत्तम ठरतो. भीतीच्या बाबतीत अंतर काही सेकंदांचं असलं तरी चालतं. चवीच्या बाबतीत तर काही तासांनी आलेली मळमळही त्या चवीला जाऊन चिकटते. त्याबद्दल शेवटी बोलू.

अभ्यास सुरू करण्याची खूण बनवायची असेल, तर ती छोटी, ठरलेली आणि इतर वेळी न भेटणारी हवी. दिवसभर ज्या टेबलावर सगळंच चालतं ते टेबल खूण म्हणून दुबळं. तोच दिवा, जो फक्त अभ्यासाला बसताना लागतो, तो सबळ. आणि दिवा लागल्यावर पहिली पाच मिनिटं जमणारं काम ठेवा: कालचं सोडवलेलं उदाहरण पुन्हा, किंवा आवडत्या भागाचं वाचन. ‘आधी कठीण संपवून टाक’ हा सल्ला वेळेच्या नियोजनात ठीक असेल. खूण नवी असताना मी तो देत नाही. दिव्यानंतर पहिल्यांदा काय येतं, तेच दिव्याचा अर्थ ठरवतं.

झोपेच्या तक्रारींवर रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली पद्धत याच विचाराच्या जवळची आहे. अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवायचं, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे जायचं, पेंग आली की परत यायचं. अंथरुणात अभ्यास करणाऱ्यांचा दोन्हीकडून तोटा होतो: अंथरुणाची जोडी जागरणाशी लागते आणि पुस्तकाची झोपेशी.

आता या पायरीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग. लुबोव आणि मूर यांनी १९५९ साली दाखवलं की एखादी खूण आधी बराच वेळ नुसतीच, काही न घडता, समोर येत राहिली असेल तर नंतर ती कशाशीही जोडायला जास्त वेळ लागतो. याला सुप्त अवरोधन म्हणता येईल. प्रयोगशाळेत ही एक आडकाठी. वर्गात मात्र हे संरक्षक कवच आहे. ज्या मुलाची एखाद्या गोष्टीशी आधी बऱ्याच वेळा निवांत भेट झाली आहे, त्याला एका वाईट प्रसंगाने तिचा धसका बसणं अवघड जातं.

म्हणून नवं चिन्ह, नवा पाठ, नवं उपकरण पहिल्यांदा समोर येतं तो काळ जपा. बीजगणितातला ‘क्ष’ पहिल्यांदा भेटतो तेव्हा पहिल्या आठवड्यात त्याच्यावर गुण नकोत, वेळ लावणं नको, फळ्याजवळ बोलावणं नको. कोड्यात ‘क्ष’, खेळात ‘क्ष’, शिक्षकच चुकतात आणि मुलं दुरुस्त करतात त्या उदाहरणात ‘क्ष’. आठ-दहा वेळा असा सहज भेटला की मग चाचणी घ्या. तिथे कुणी अडखळला तरी अडखळणं त्या चाचणीपुरतं राहण्याची शक्यता जास्त. पहिल्याच दिवशी उलट झालं तर पुढचं वर्षभर आपण ते निस्तरत बसतो. संगीत, पोहणं, गाडी चालवणं, परकी भाषा, सगळीकडे हेच लागू पडतं.

चौथी पायरी: खुणेने काहीतरी नवं सांगितलं पाहिजे

‘दोन गोष्टी एकत्र आल्या की जोडल्या जातात’ अशी अभिजात अभिसंधानाची समजूत जवळजवळ अर्धं शतक चालली. ती अपुरी आहे, हे १९६० च्या दशकाच्या शेवटी दोन प्रकारच्या प्रयोगांनी दाखवलं. मला तर शिकण्याच्या मानसशास्त्रातलं खरं वळण तिथेच दिसतं.

रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये उंदरांना आवाज ऐकवला आणि सौम्य विजेचे धक्के दिले. काही उंदरांना धक्के आवाज चालू असतानाच मिळत. काहींना तितकेच धक्के आवाजात मिळत, पण आवाज नसतानाही त्याच प्रमाणात मिळत. आवाज आणि धक्का दोन्ही गटांत तितक्याच वेळा एकत्र आले होते. पण आवाजाची भीती पहिल्या गटालाच बसली. दुसऱ्या गटासाठी आवाज काहीच सांगत नव्हता. धक्का कधीही येऊ शकत होता.

त्याच सुमारास लिऑन कामिन यांनी उंदरांना आधी एका खुणेवरून धक्का ओळखायला शिकवलं आणि मग तिच्या जोडीला दुसरी खूण दिली. दुसरी खूण कितीदा आली तरी तिच्याबद्दल ते जवळजवळ काहीच शिकले नाहीत. पहिल्या खुणेने सगळं आधीच सांगून टाकलं होतं. १९७२ साली रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी हे गणिती सूत्रात बसवलं. त्याचा गाभा असा: अपेक्षा आणि घटना यांत जितकं अंतर, तितकं शिकणं जास्त. अपेक्षेप्रमाणेच घडलं तर नवं शिकणं थांबतं. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायन आणि मॉन्टेग्यू यांनी दाखवलं की माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी नेमक्या याच अंतराप्रमाणे चालतात: अनपेक्षित बक्षीस मिळालं की त्या उसळतात, बक्षिसाची खूण पक्की झाली की खुणेलाच उसळतात, आणि ठरलेलं बक्षीस चुकलं की त्या क्षणी शांत होतात. संगणकाला शिकवण्याच्या आजच्या काही पद्धतींतही हाच विचार आहे. १९१३ साली जॉन वॉटसन यांनी ‘मन सोडा, वर्तन बघा’ असं म्हणत वर्तनवाद मांडला होता, आणि पाव्हलॉव्हचे प्रयोग त्या पंथाचा मोठा आधार बनले. त्याच प्रयोगांच्या पुढच्या पिढीने अपेक्षा हा शब्द मानसशास्त्रात परत आणला, हे मला फार सुंदर वाटतं.

घरात आणि वर्गात याचा अर्थ काय? अचानक घेतलेल्या चाचण्या आणि लहरीप्रमाणे येणारा ओरडा हे रेस्कोर्लांच्या दुसऱ्या गटासारखे आहेत. कुठलीच खूण संकटाची वर्दी देत नाही, म्हणून कुठलाच क्षण निर्धास्त राहत नाही. मग भीती एका खुणेला न चिकटता सगळ्या जागेला चिकटते: वर्गाला, त्या तासाला, त्या माणसाला. याउलट चाचणी कधी हे स्पष्ट सांगितलेलं असेल तर उरलेले दिवस खरोखर मोकळे असतात. शिस्तीचा प्रश्न असेल तर नियम कडक ठेवा, पण तो रोज तोच ठेवा.

गठ्ठ्याचंही मी असंच केलं. उत्तरपत्रिका कोणत्या दिवशी मिळणार ते आदल्या दिवशी सांगायला लागलो, आणि इतर दिवशी चित्रं, कोडी, कोरे कागद असे नाना प्रकारचे गठ्ठे घेऊन वर्गात जाऊ लागलो. गठ्ठा दिसण्यातून काही कळेनासं झालं. मग त्याच्याकडे कुणी बघेनासं झालं.

पाचवी पायरी: बसलेली भीती उतरवा

१९२० साली वॉटसन आणि रोझली रेनर यांनी साधारण अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढऱ्या उंदराची भीती शिकवली. बाळाने उंदराला हात लावला की मागे पोलादी दांड्यावर हातोडी आपटायची. थोड्याच जोड्यांनंतर उंदीर दिसताच बाळ रडू लागलं, आणि ससा, कुत्रा, केसाळ कोट यांनाही बिचकू लागलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसं. ती भीती उतरवण्याआधीच बाळ तिथून गेलं. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि तो बसू नये.

उतरवण्याचं काम मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये करून दाखवलं. माझ्या लेखी हा प्रयोग पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा, तरी त्याची आठवण कमी काढली जाते. पीटर नावाने ओळखला गेलेला तीन वर्षांचा मुलगा सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला जायचा, आणि खाण्यात खंड पडणार नाही इतपतच दर वेळी जवळ आणला जायचा. न घाबरणारी मुलंही सोबत असायची. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. जोन्स यांनी एक इशाराही दिला होता: घाई केली तर जोडी उलटी बसेल, आणि मूल सशाबरोबर खाण्यालाही घाबरू लागेल. याच वाटेवर पुढे जोसेफ वोल्पे यांनी पद्धतशीर असंवेदनीकरणाची उपचारपद्धती उभी केली. त्यांचं पुस्तक १९५८ चं.

हे घरी असं करता येईल. पहिल्या पायरीत सापडलेली खूण घ्या आणि तिच्या अवतीभवतीचे प्रसंग सर्वांत सोप्यापासून सर्वांत अवघडापर्यंत रचा. प्रत्येकाला मुलीनेच ० ते १० असा भीतीचा आकडा द्यायचा. तिचा आकडा कमी वाटला किंवा जास्त वाटला तरी आपण बदलायचा नाही. शिडी साधारण अशी बनते: बंद वही शेजारी ठेवून गप्पा मारणं (१), सोडवलेलं उदाहरण वाचणं (२), तिने मला शिकवणं आणि मी मुद्दाम चुकणं (३), सोपं उदाहरण एकटीने (४), तेच कुणी शेजारी असताना (५), नवं उदाहरण (६), घड्याळ नुसतं समोर असताना (७), घड्याळ लावून (८), मैत्रिणीसमोर मोठ्याने सोडवणं (९). तिथे काम दोन किंवा तीनच्या पायरीपासून सुरू करा. एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. आकडा निम्म्यावर आला की वरची पायरी, नाही आला तर उद्या तीच.

बैठक भीतीच्या शिखरावर सोडू नका. पायरी जड गेली तर एक खाली उतरा, तिथे थोडं स्थिरावा आणि मग थांबा. शिखरावर सोडलं की सुटका आणि पळणं यांची जोडी पुन्हा पक्की होते.

चौथ्या पायरीतली अपेक्षेची गोष्ट इथे कामाला येते. सुरू करण्याआधी विचारा, ‘काय होईल असं वाटतंय?’ उत्तर तिच्याच शब्दांत लिहून ठेवा: ‘मला काहीच सुचणार नाही आणि तुम्ही चिडाल.’ झाल्यावर विचारा, काय झालं? दोन ओळी शेजारी शेजारी ठेवा. या दोन ओळींमधलं अंतर जितकं ठळक, तितकं नवं शिकणं जास्त. ‘बघ, घाबरायचं काही नव्हतं’ हे आपण बोलून दाखवायची गरज नाही. ते तिने वाचलेलं असतं.

गोडधोड, भेटवस्तू यांचं आमिष मी टाळतो. ते कृतीच्या मोबदल्यात दिलं की साधक अभिसंधान होतं, आणि ‘इतकं देताहेत म्हणजे हे खरंच वाईट असणार’ असा भलताच अर्थही निघू शकतो. निवांत आवाज, ओळखीचं माणूस आणि घाई नसणं एवढं पुरतं.

सहावी पायरी: परत येईल, हे धरून चाला

खूण वारंवार आली आणि मूळ घटना आली नाही, तर प्रतिक्रिया ओसरते. याला विलोपन म्हणतात. शब्द फसवा आहे, कारण लोप काहीच पावत नाही. पाव्हलॉव्हनाच दिसलं होतं की लाळ थांबलेल्या कुत्र्याला विश्रांती देऊन पुन्हा मेट्रोनोम ऐकवला की लाळ थोडी परत येते. मार्क बूटन यांच्या अनेक वर्षांच्या कामातून चित्र आणखी स्पष्ट झालं: विलोपनात जुनी जोडी पुसली जात नाही, तिच्यावर ‘आता इथे तसं नाही’ असं दुसरं शिकणं चढतं. आणि हे दुसरं शिकणं ‘इथे’ या शब्दाला फार बांधलेलं असतं. जागा बदलली की जुनं डोकं वर काढतं.

म्हणून घरच्या टेबलावर शिडी पूर्ण झालेली मुलगी परीक्षागृहात गारठली, तर घरचं काम फुकट गेलं असं समजू नका. ते अजून एकाच जागी झालेलं आहे. शिडीच्या वरच्या पायऱ्या मुद्दाम वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांसोबत करा. शक्य असेल तर परीक्षेच्या खोलीत एकदा नुसतं जाऊन बसू द्या. मोठ्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी भीती थोडी परतलेली असेल, हे मुलीला आधीच सांगून ठेवा, आणि त्या दिवशी शिडीच्या मधल्या पायरीपासून सुरू करा. दुसऱ्यांदा ती पहिल्यापेक्षा लवकर उतरते. आणि मध्येच एखाद्या दिवशी कुणी पुन्हा ओरडलं, तर जुनी भीती जवळजवळ पूर्ण परत येऊ शकते. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असावं. निदान शिडी चालू असेपर्यंत तरी आवाज चढू देऊ नये.

१९२४ साली पूर आला तेव्हा पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत पाण्याने घेरले गेले होते, कसेबसे वाचवले गेले. त्यानंतर काहींची शिकलेली प्रतिक्षिप्त क्रिया कितीतरी दिवस नाहीशी झाली. पुढे दाराखालून पाण्याची धार सोडताच एक कुत्रा पुन्हा बिथरला. मोठ्या धक्क्यातून गेलेल्या मुलाकडून ‘आता विसर’ अशी अपेक्षा करणाऱ्यांना मी हा कुत्रा आठवून देतो.

बारीक फरक आणि फुटणारा धीर

उंदराची भीती सशाला आणि केसाळ कोटालाही चिकटली, त्याला सामान्यीकरण म्हणतात. त्याच्या उलट बाजूला विभेदन असतं: ही खूण खरी, तिच्यासारखी दिसणारी ती दुसरी मात्र नाही, हे ओळखणं. पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेत एका कुत्र्याला वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांतला फरक शिकवला. लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळाच्या जवळ नेत नेत, अक्षांचं प्रमाण ९ ला ८ पर्यंत आलं तेव्हा कुत्र्याला फरक करता येईना. तेवढ्यावर थांबलं नाही. शांत असलेला तो कुत्रा केकाटू लागला, पट्टे चावू लागला, आणि आधी येत असलेले सोपे फरकही विसरला.

मुलाला दोन सारख्या सूत्रांतला फरक कळत नसेल आणि आपण दर वेळी चूक-बरोबर करत दाबत राहिलो, तर हेच होतं: जे येत होतं तेही जातं. अशा वेळी फरक मोठा करा. दोन सूत्रं एका पानावर नकोत, एक आज, एक चार दिवसांनी. एक निळ्या शाईने, एक हिरव्या. सोपे फरक पक्के झाल्यावर मगच बारीक फरकाकडे या.

ही रीत कुठे थांबते

सगळ्याच गोष्टी सगळ्यांशी सारख्याच सहज जोडल्या जात नाहीत. जॉन गार्सिया आणि रॉबर्ट कोएलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांना असं पाणी दिलं की पिताना चवही लागे, प्रकाशही चमके आणि आवाजही होई. नंतर मळमळ झाली त्यांनी चव टाळली. विजेचा धक्का बसला त्यांनी प्रकाश-आवाज टाळला. शरीर काही जोड्यांसाठी आधीपासून तयार असतं. म्हणूनच एकदा आजारी पडल्यावर एखादा पदार्थ वर्षानुवर्षं नकोसा होतो, मग आजाराचं खरं कारण दुसरंच असलं तरी.

आणि या रीतीने अपूर्णांकांचा भागाकार येत नाही. तो समजून घेऊन, सोडवून, चुकून आणि दुरुस्त करूनच येतो. ज्या मुलाची भीती खरोखर न समजण्यातून आली आहे, त्याच्याबरोबर नुसती शिडी चढण्याचा उपयोग नाही; मागच्या इयत्तेतलं काय निसटलं आहे ते आधी शोधा, आणि ते शिकवणं हीच शिडीची पहिली पायरी करा.

मूल शाळेत जायलाच नकार देत असेल, झोप किंवा भूक आठवड्यांमागून आठवडे बिघडली असेल, श्वास कोंडण्यासारखे झटके येत असतील, किंवा भीतीच्या मुळाशी मारहाण, अपघात, अत्याचार असेल, तर ही शिडी घरी रचू नका. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे जा, आणि जाताना पहिल्या पायरीतला चार रकान्यांचा कागद बरोबर न्या. पहिल्या भेटीत जे प्रश्न विचारले जातील त्यांतली बरीच उत्तरं त्यावर लिहिलेली असतील.